पाण्यातल्या बागेला किती उजेड?

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी आमच्या सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरीही आल्या, पण पुढचे तीन महिने जवळजवळ पलंगावरच. ज्या बाईनं आयुष्यभर अंगणातल्या चाळीस कुंड्यांना स्वतःच्या हातानं पाणी घातलं, तिला आता खिडकीतून शेजारच्यांच्या भिंतीशिवाय काही दिसेना! रोज एकदा तरी म्हणायच्या, "माझी झाडं वाळून राहिली असतील गं." वाळली नव्हती, मी न चुकता पाणी घालत होते. पण त्यांना ती दिसत नव्हती ना!

शेवटी माझ्या मुलानंच कल्पना काढली. आजीला बागेत नेता येत नाही, तर बाग आजीच्या खोलीत आणू. कुंडीतली नाही, पाण्यातली. त्याच्या मित्राकडे तसा टँक होता. आत खरी झाडं, त्यांतून फिरणारे बारीक मासे. मला वाटलं, काचेच्या पेटीत पाणी भरायचं, झाडं खोचायची आणि वर दिवा लावायचा, एवढंच तर आहे. तो दिवाच पुढे दोन महिने आमच्या घरातला वादाचा विषय होईल, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

टँक घेतला दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दुकानदार म्हणाला, "ताई, झाडं लावायची ना? मग लाइट दणकट घ्या. जितका जास्त लाइट तितकी झाडं झकास." आणि त्यानं जांभळ्या-गुलाबी प्रकाशाचा, तीस वॅटचा एक दिवा गळ्यात मारला. झाडांना लाल आणि निळा रंग लागतो म्हणे. घरी आणून लावला, तर सासूबाईंची खोली लग्नाच्या मंडपासारखी दिसायला लागली. त्या म्हणाल्या, "बाप्पा! आता बँडवाले केव्हा येतात?"

हसून घेतलं. आम्ही सकाळी सातला दिवा लावायचो आणि रात्री अकराला बंद करायचो. बिचाऱ्या झाडांना उजेड कमी पडायला नको! पंधरा दिवसांत काचेवर हिरवी साय धरली. तीन आठवड्यांनी पाणीच हिरवं झालं. मासे आहेत की नाहीत तेही कळेना. झाडांच्या पानांवर लोकरीसारखे तंतू चिकटले. आणि भर म्हणजे त्या झगमगाटानं सासूबाईंची झोप गेली. एका सकाळी त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, हे उसळीचं पाणी कशाला ठेवलं माझ्यासमोर?" त्या दिवशी मी टँक देऊन टाकायचं ठरवलं होतं. खरं सांगते, रडू आलं. एवढ्या हौशीनं आणलेली एक गोष्ट, तीही त्यांना नकोशी झाली.

वाचवलं ते माझ्या मोठ्या नणंदबाईंनी. ताई भंडाऱ्याला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आल्या, टँककडे बघितलं आणि विचारलं, "किती तास दिवा?" मी म्हटलं, "सोळा." ताईंनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या शिक्षिकेकडून त्यांनी हायड्रिलाची मूठभर जुडी आणवली आणि आईच्या पलंगाशेजारच्या टेबलावर शाळेतला प्रयोग मांडला. तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी तो केला असेल किंवा निदान आकृती तरी काढली असेल. काचेच्या भांड्यात पाणी, त्यात हायड्रिलाची काडी, वर उलटं ठेवलेलं नरसाळं, त्यावर पालथी परीक्षानळी. उजेड पडला की काडीच्या कापलेल्या टोकातून बारीक बुडबुडे वर जातात. झाड उजेडाच्या मदतीनं अन्न तयार करतं, तेव्हा प्राणवायू सुटतो. बुडबुडे भराभर सुटले, तर काम जोरात चाललंय असं समजायचं.

ताईंनी टेबललॅम्प चार फुटांवर ठेवला. आईंना सांगितलं, मोजा. मिनिटाला दहा-अकरा. दोन फुटांवर आणला तेव्हा वीस-बावीस. एक फुटावर आणल्यावर तीसच्या आसपास. अगदी भांड्याला चिकटवला, तरी तीसच! मुलगा म्हणाला, "आत्या, दिवा खराब आहे." ताई हसल्या आणि पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला. थोड्या वेळानं बुडबुडे पुन्हा वाढले. दिवा तोच, जागा तीच. सोड्यातून पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिळाला आणि झाड पुन्हा पळायला लागलं.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला, अगदी योग्य तीव्रतेचा! उजेड म्हणजे चुलीचा जाळ. भांड्यात तांदूळ मूठभरच असेल, तर जाळ वाढवून भात जास्त होत नाही, करपतो मात्र नक्की. घरच्या साध्या टँकमध्ये कार्बन डायऑक्साइड थोडाच असतो. मासे श्वासातून सोडतात तेवढा आणि हवेतून विरघळतो तेवढा. झाडं त्याच्या बेतानंच वाढतात. त्यापलीकडचा उजेड त्यांच्या उपयोगाचा नाही. मग तो कोण वापरतं? शेवाळ! त्याला थोडक्यात भागवता येतं, ते काचेवर, दगडावर, पानांवर कुठेही बसतं. आम्ही सोळा तास दिवा लावून झाडं नाही, शेवाळ वाढवत होतो.

परदेशातल्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत गालिच्यासारखं गवत वाढलेले जे टँक दिसतात, त्यांत सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो, खतांचे डोस असतात, शिवाय दर आठवड्याला कात्रीनं छाटणी असते. त्यांचा दिवा त्यांच्या बेताचा. आपण नुसता दिवा उचलून आणला, तर काय होतं ते आमच्या घरी बघितलंच.

मग दिवा घ्यायचा कसा? दुकानात पहिला प्रश्न येतो तो किती वॅटचा. मैत्रिणींनो, तो प्रश्न आता जुना झाला. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. उजेड किती देतो, ते लुमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा एलईडीच्या खोक्यावर छापलेला असतो. आपला गोल काचेचा पिवळा बल्ब आठवा. साठ वॅट खायचा आणि बरीचशी उष्णताच द्यायचा. आता नऊ-दहा वॅटच्या एलईडीतून त्याहून जास्त उजेड मिळतो.

हिशेब सोपा आहे. आमच्या टँकची मापं सेंटीमीटरमध्ये ६०, ३० आणि ३०. गुणाकार करून हजारानं भागलं की ५४ लिटर. खालची रेती, दगड, वरची मोकळी जागा वजा जाता खरं पाणी ४५ लिटर. सावलीत राहणाऱ्या झाडांना लिटरमागे १० ते २० लुमेन पुरतात. मध्यम झाडांना २० ते ४०. त्याच्या वरचा उजेड सिलिंडरवाल्यांसाठी. म्हणजे आम्हाला नऊशे लुमेन पुष्कळ झाले. दोन फुटी, दहा वॅटची साधी एलईडी पट्टी सुमारे हजार लुमेन देते. मोठे शौकीन लोक लुमेनवर समाधान मानत नाहीत, पानांना उपयोगी पडणारा उजेड मोजायचं वेगळं महागडं यंत्र वापरतात. आपल्याला एवढं नको. पांढऱ्या दिव्यासाठी लुमेनचा अंदाज चालतो.

रंगाचं म्हणाल तर खोक्यावर 'के' लिहिलेला आकडा बघायचा. २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळसर, जेवणाच्या टेबलावर छान. ६५०० म्हणजे दुकानदार ज्याला 'कूल डे लाइट' म्हणतात तो, दुपारच्या उजेडासारखा पांढरा. टँकला हाच घ्यावा. झाडं लाल-निळा प्रकाश जास्त शोषतात, हे दुकानदारानं सांगितलं ते खोटं नव्हतं. पण पांढऱ्या उजेडात लाल-निळा दोन्ही असतातच आणि हिरवा असल्यामुळे पान हिरवं दिसतं, मासा लाल दिसतो. जांभळ्या दिव्याखाली झाड वाढेल, नाही असं नाही, पण ते काळं दिसणार. भाजीच्या मळ्यात चालेल, सासूबाईंच्या खोलीत नाही.

कुणाकडे जुना टँक असेल तर त्याच्या झाकणात ट्यूबलाइट असेल. ट्यूब वाईट नाही, कित्येक वर्षं लोकांनी तिच्यावरच झाडं वाढवली. फक्त तिचा उजेड वर्षभरात हळूहळू उतरतो आणि आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. झाडं मरगळली की आपण खत घालतो, पाणी बदलतो, ट्यूब मात्र तशीच! शिवाय ट्यूबमध्ये पारा असतो. ती फुटली तर लहान मुलांना दूर करून खिडक्या उघडायच्या, झाडूनं उडवायचं नाही. आता बदलायचीच वेळ आली असेल तर एलईडीच घ्या.

आधी झाडं ठरवावीत आणि मग दिवा, हे आम्हाला उशिरा कळलं. आम्ही हौसेनं लाल पानांची नाजूक झाडं आणली होती, ती सगळी गळाली. कमी उजेडात सुखानं राहणारी वेगळीच असतात. जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस. फर्न आणि अनुबियास यांचं खोड रेतीत पुरायचं नाही, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधायचं, नाहीतर कुजतं. क्रिप्टोकोरिन नावाचं एक झाड आहे. नवीन घरात आलं की रुसल्यासारखी सगळी पानं गाळतं. मेलं समजून फेकू नका, मुळापासून पुन्हा फुटतं. त्याची एक जात, स्पायरॅलिस, आपल्या कोकणात पाण्याकाठी उगवते. आणि आपली हायड्रिला व वॅलिसनेरिया तर आहेतच. वॅलिसनेरिया म्हणजे गवताच्या पात्यासारखी लांब पानं. ही दोन्ही मध्यम उजेडात झपाट्यानं वाढतात, आणि झाड जितकं झपाट्यानं वाढेल तितकं ते शेवाळाच्या तोंडचं अन्न पळवतं. नवीन टँकमध्ये म्हणूनच सुरुवातीला ही गर्दी हवी.

ही नावं ऐकून सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्या बोडीतलं!" त्यांचं माहेर अर्जुनी-मोरगावकडचं, गोंदिया जिल्ह्यातलं. तो सगळा तलावांचा मुलूख. जुने मालगुजारी तलाव, लोक त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणून मामा तलाव म्हणतात. लहानपणी आंघोळीला उतरलं की ही पानं पायाला गुंडाळायची, असं त्या सांगत होत्या. तळातल्या वनस्पतींत मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, पाणपक्षी खायला येतात.

मग ताईंनी पुढचं सांगितलं. मधल्या काळात त्यांतल्या पुष्कळ तलावांत गाळ भरला, पाणी गढूळ झालं, काठाकडून बेशरमाचं रान पसरलं. गढूळ पाण्यात उजेड तळापर्यंत पोचत नाही आणि उजेड नाही म्हणजे तळातली झाडं नाहीत. झाडं गेली की गाळ धरून ठेवणारं कुणी नाही, पाणी आणखी गढूळ. झाडांबरोबर देशी मासेही कमी झाले. त्याच भागात मनीष राजनकर आणि त्यांची 'फीड' ही संस्था ढिवर समाजातल्या मासेमारांबरोबर काम करते. निमगावसारख्या गावांतल्या ढिवर बायकांनी तलावातलं बेशरम मुळासकट उपटलं आणि हायड्रिला, वॅलिसनेरिया, सेराटोफायलम अशा वनस्पती हातानं पुन्हा लावल्या. चिखलात उभं राहून, भाताच्या रोवणीसारख्या! आमचा वाद दोन फुटांच्या पेटीचा होता आणि या बायकांनी अख्ख्या तलावाची बाग लावली. सासूबाई कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या टँकमध्ये तीच लाव."

तर आम्ही नव्यानं सुरुवात केली. आधी टँक गोधडीत गुंडाळून तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवला. दिवा नाही, माशांना खाणं नाही, हवेचा पंप मात्र चालू. मासे तीन दिवस सहज उपाशी राहतात. चौथ्या दिवशी गोधडी काढली तर पाणी बरंचसं निवळलं होतं. काचा पुसल्या, मेलेली पानं काढली, अर्धं पाणी बदललं. आपल्या नागपूरला कन्हान आणि पेंचचं पाणी येतं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. म्हणून ते बादलीत चोवीस तास उघडं ठेवून मगच घातलं. गोधडीचा उपाय एकदाच करायचा असतो, बरं का. मूळ दिवाच चुकीचा असेल तर शेवाळ पंधरा दिवसांत परत हजर.

नवा दिवा दहा वॅटचा, रोज सहा तास. महिन्याभरानं झाडं लागली तेव्हा सात तास केले. आठच्या वर कधीच नाही. सकाळी लावायची गरज नाही, हे मला फार उशिरा समजलं. झाडांना सहा-सात तास सलग मिळाल्याशी मतलब, ते कोणते हा आपला प्रश्न. दुपारी अडीचला लावला की रात्री साडेनऊला बंद. घरातली मंडळी संध्याकाळी जमतात तेव्हा टँक उजळलेला असतो आणि रात्री अंधार. अंधार माशांनाही हवा आणि पलंगावरच्या माणसालाही. दहा वॅट गुणिले सात तास म्हणजे दिवसाला ७० वॅट-तास, महिन्याला जेमतेम दोन युनिटं. आधीचा तीस वॅटचा दिवा सोळा तास लावून आम्ही चौदाच्या वर युनिटं जाळत होतो, शेवाळासाठी!

खिडकीजवळ टँक ठेवून फुकटचं ऊन वापरावं असं कुणालाही वाटेल. मीही विचारलं. पण ऊन आपल्या हातात नाही. आपल्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांचा, जूनमध्ये तेरा तासांच्या वर. नागपूरच्या उन्हाचा ताप तर सांगायलाच नको! खिडकीच्या काचेतून थेट ऊन पडलं तर दिवा कितीही मोजून लावा, पाणी हिरवं होणारच. टँक आतल्या भिंतीला बरा.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे गेला, तेव्हा एक नवीन गोष्ट शिकलो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. दिवसा उजेडात झाडं प्राणवायू देतात, पण अंधार पडला की तीही माशांसारखीच प्राणवायू घेतात. म्हणून पहाटे टँककडे बघावं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर ते संकट आहे, भूक नव्हे. आम्ही रात्रभर पंप चालू ठेवला, काचेचं झाकण थोडं सरकवलं, कूलरचा झोत खोलीत होताच. दिव्याचा तासही एक कमी केला. लाइट जाण्याची मात्र भीती बाळगू नका. चार-पाच तास, अगदी दिवसभर दिवा नसला तरी झाडं काही मरत नाहीत. काळजी असते ती पंपाची.

आता एक गोष्ट, जी दुकानात मला कुणी सांगितली नाही. पाणी आणि वीज शेजारी-शेजारी आहेत. घरगुती एलईडी पट्टी वाफेसाठी बनवलेली नसते. टँकवर काचेचं झाकण हवं आणि पट्टी त्याच्या वर चार-पाच इंचांवर स्टँडला घट्ट बसवलेली. नाहीतर सरळ वॉटरप्रूफ दिवा घ्यावा. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोल घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळलेला थेंब झोलावरून जमिनीवर पडतो, प्लगमध्ये शिरत नाही. टँकखाली जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड ठेवू नये. फरशी पुसणारा ओला हात त्याला लागतो आणि तो हात बहुतेक घरांत बाईचाच असतो. अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, गळती झाली की वीज तोडणारा स्विचही बसवून घ्या. आणि पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग बंद. घाई असली तरी.

छाटलेली झाडं कचऱ्यात किंवा कुंडीत टाकावीत. अंबाझरी किंवा फुटाळ्याला फिरायला जाताना तिथे सोडू नयेत, मासेही नाहीत. आपली हायड्रिला अमेरिकेत गेली आणि तिथल्या तलावांना डोकेदुखी झाली. दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी शोभेसाठी म्हणून आपल्याकडे आली, तिचं काय झालं ते आपण बघतोच.

दिवा रोज ठरल्या वेळी लागावा म्हणून मी टायमर आणला होता, प्लगमध्ये खोचायचा. चांगली वस्तू आहे, विसराळू घरांनी जरूर घ्यावी. आमच्याकडे मात्र तो आठ दिवसच टिकला. फेब्रुवारीत डॉक्टरांनी सासूबाईंना वॉकर धरून चालायला सांगितलं होतं आणि त्या काही केल्या उठेनात. एके दिवशी दुपारी मला हाक मारून म्हणाल्या, "ते घड्याळ काढून टाक. मी लावीन लाइट." बटण पलंगापासून सात पावलांवर आहे. पहिल्या दिवशी त्यांना तिथे पोचायला पाच मिनिटं लागली. मी दारात उभी होते, पुढे गेले नाही. परवा अडीचला मी स्वयंपाकघरात होते, तर आतून बटणाचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांचा, "अगं, वॅलिसनेरियाला नवीन पिल्लू फुटून राहिलं, बघायला ये!"